साहेबांच्या बोटासाठी थांबलेली सिस्टीम

माजलगावात आमच्या दुकानाच्या पाटीवर अब्बांच्या काळात ‘रेडिओ, टेप, पंखा’ एवढंच होतं. मी धंद्यात आलो आणि त्याखाली ‘कॉम्प्युटर’ लिहून घेतलं. पेंटरला ओळीत जागा उरलेली बघवली नाही, म्हणून त्याने आपल्या मनानेच ‘व मिक्सर’ जोडून दिलं. तेव्हापासून मी अख्ख्या तालुक्याचे कॉम्प्युटर दुरुस्त केले, पण बायकांच्या लेखी मी शेवटपर्यंत मिक्सरवालाच. वाटण करताना भांडं अडकलं की दारात हजर. आत सहकारी संस्थेचा चेअरमन हात जोडून बसलेला असायचा आणि मी आधी चटणीचं भांडं सोडवायचो. चेअरमन थांबू शकतो, चटणी थांबत नाही.

सहकारातल्या मशिनांवर माझं आयुष्य गेलं. दूध संस्था, विकास सोसायट्या, कारखान्यांचे वजनकाटे, सगळीकडे मी फिरलो. या क्षेत्राची एक खासियत सांगतो. माणूस थकला की त्याला शाल-नारळ देऊन घरी पाठवतात, पण मशीन थकलं तर ठराव लागतो. ठरावाला सभा लागते, सभेला कोरम, कोरमला जेवण. तोवर मशीन खोकत खोकत चालतंच. मी अशी मशिनं बघितलीत, की ज्यांच्या आत उंदरांच्या दोन पिढ्यांची लग्नं लागली. एका डब्यातून तर मी पिल्लं काढली तेव्हा त्यांच्या आईने मला चावायच्या आधी रीतसर विचारलं. खोटं वाटतंय? दिंद्रुडला जाऊन विचारा. ती उंदरीण आता नसेल, पण तिची नातवंडं सांगतील.

लोक मला एक प्रश्न हमखास विचारायचे. “मुबारकभाई, चालू मशीन चांगलं चाललेलं आसतं. तुमी नवी सिस्टीम टाकता आन् ते बंद पडतं. आसं कावून?”

मी त्यांना सांगायचो, तालुक्याला नवा तहसीलदार आला की काय होतं ते आठवा. कॉम्प्युटरची ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे त्या डब्यातला तहसीलदार. दुधाचा हिशेब करणारा प्रोग्राम, कागद छापणारा प्रिंटर, दुधातली फॅट मोजणारं यंत्र, हे सगळे त्याच्या हद्दीतले लोक. जुना तहसीलदार ढिला होता. त्याच्या काळात आपला प्रोग्राम मागच्या दाराने थेट आत जायचा, यंत्राच्या खांद्यावर हात टाकून ‘काय रे, फॅट किती?’ विचारायचा आणि निघून यायचा. नवा साहेब कडक. त्याने मागचं दार भिंत घालून बंद केलं आणि पुढच्या दारात शिपाई बसवला. ‘चिठ्ठी आणा, मग भेटा.’ प्रोग्रामला बिचाऱ्याला चिठ्ठी लिहिणं माहीतच नाही. तो दारात उभा राहतो, आणि तुम्ही म्हणता मशीन बिघडलं. मशीन बिघडलेलं नसतं. ओळखी तुटलेल्या असतात.

दुसरी गोष्ट दुभाष्याची. फॅटचं यंत्र आपल्या बोलीत बोलतं, सिस्टीम आपल्या. मधे एक छोटा प्रोग्राम लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. जुन्या सिस्टीमचा दुभाष्या नव्या सिस्टीमला चालत नाही. नवा आणावा लागतो, आणि तो यंत्र बनवणाऱ्याने द्यायचा असतो. बनवणाऱ्याला फोन करा. तो म्हणतो, “चालेल बहुतेक.” माझ्या धंद्यात ‘बहुतेक’ या शब्दाने जेवढी मशिनं मारली, तेवढी विजेनेही मारली नाहीत.

विकास सोसायटीच्या निवडणुकीआधी एका गावात सभासदांची यादी अशीच फिरली होती. नव्या सिस्टीममध्ये जुना मराठी फॉन्ट टाकायचा राहिला. यादी छापली, तर एकेका नावाच्या जागी कंस, टिंबं आणि काड्या. कोंबडी शाईत पाय बुडवून कागदावरून गेल्यासारखी. चेअरमनने यादी उलटी धरून बघितली, सुलटी धरून बघितली, आणि म्हणाला, “निम्मे तरी आपल्याच गटाचे दिसतेत.”

पण सिस्टीम बदलताना घात नेमका कुठे होतो, हे मला पुरतं कळलं ते त्या दुष्काळाच्या वर्षी. गावाचं नाव लिहीत नाही, माणसं हयात आहेत आणि माझ्या दुकानावरून जातात. दिंद्रुडच्या पलीकडचं गाव म्हणा. धरणात पाण्यापेक्षा भेगा जास्त होत्या. ऊस वाळून गेला होता आणि उरलेला जनावरांच्या पोटात गेला होता. शेतात काही नव्हतं. गावाला रोज हातात पडणारी एकच वस्तू होती, दूध. तेही कमी झालं होतं, पण होतं. गावच्या दूध संस्थेत ते गोळा व्हायचं आणि माजलगावहून शीतकरण केंद्राची गाडी येऊन घेऊन जायची. सकाळी एक फेरी, संध्याकाळी एक.

त्या गाडीवर गावाचा जीव टांगलेला होता. मागे एकदा सगळं गाव शेजारच्या यात्रेत कुस्त्या बघायला गेलं होतं आणि गाडी रिकामी परत गेली. तेव्हा केंद्राच्या व्यवस्थापकाने स्वच्छ सांगितलं होतं, “एवढ्याशा दुधासाठी तिकडं गाडी पाठवणं आम्हाला परवडत नाही. आणखी एकदा रिकामी आली तर फेरी बंद.” फेरी बंद म्हणजे दूध घरात, आणि दूध घरात म्हणजे म्हशी बाजारात. चारा विकत घालून पोसलेलं जनावर दूध विकलं जात नसताना कोण दावणीला ठेवील? सरूआक्का नावाची एक बाई होती. दोन म्हशी, नवरा नाही, आणि आवाज असा की तिने म्हशीला हाक मारली तर तीन गावच्या म्हशी माना वळवायच्या. ती मला म्हणाली होती, “मुबारक, लेका, शेजारणी म्हनत्यात म्हशी इक. मी म्हनलं, गाडीचा हॉर्न वाजतोय तवर इकत न्हाई.”

आता अशा वेळी त्या गावच्या संस्थेला नवी सिस्टीम कशाला हवी होती? ऐका. चेअरमन होते आबासाहेब. उंच, गोरे, पांढरे कपडे इतके कडक की बसताना कागद फाटल्यासारखा आवाज यायचा. शेजारच्या गावच्या संस्थेने नवीन कॉम्प्युटर घेतला होता. त्यात नव्या सिस्टीमबरोबर पडद्यावर एक चित्र आलं होतं. हिरवंगार टेकाड, वर निळं आभाळ, पांढरे ढग. भर दुष्काळात! लोक दूध घालायला यायचे आणि त्या चित्रासमोर उभे राहायचे. कुणी म्हणे म्हातारी माणसं हात जोडायची. एकाने तर म्हैस आणून तिला ते चित्र खिडकीतून दाखवलं आणि ती अर्धा लिटर जास्त दूध देऊ लागली. शेवटचं मी ऐकलेलं नाही, मीच पसरवलेलं आहे.

आबासाहेबांनी मला बोलावलं. “मुबारकभाई, आपल्या पडद्यावर काय हाय?”

“काही नाही. निळा रंग.”

“लोक हिरवं बघाया तिकडं चाललेत. दोन-चार मेंबर दूध बी तिकडंच घालायलेत. आपल्याला बी नवी सिस्टीम टाका.”

मी म्हणालो, “आबासाहेब, चित्रच पाहिजे तर ते जुन्यावर पण लावता येतं. दोन मिनिटांचं काम आहे. चालू मशीनला कशाला हात लावायचा?”

“उसनं चित्र नको,” ते म्हणाले. “अस्सल पाहिजे.”

ठराव झाला. फॅटच्या यंत्रवाल्याकडून दुभाष्याची फ्लॉपी आली, ‘बहुतेक’सकट. आणि आबासाहेबांनी उद्घाटन ठेवलं. जिल्ह्यातल्या एका मोठ्या साहेबांच्या हस्ते. कसले साहेब ते विचारू नका. त्या काळात जे कशाचे तरी अध्यक्ष होते, त्यांतले एक.

मी सकाळचं दूध गेल्यावर कामाला लागलो. नियमाप्रमाणे आधी सगळा हिशेब दुसरीकडे काढून ठेवला. वीज नव्हतीच, ती त्या वर्षी पाहुणीसारखी यायची. म्हणून ट्रॅक्टरची बॅटरी लावून इन्व्हर्टर चालवला. सिस्टीमची सीडी घातली. पहिला भाग सरळ गेला. जुन्या तहसीलदाराचं सामान बाहेर निघालं, खुर्ची रिकामी झाली, आणि पडद्यावर ओळ आली की पुढे जायचं असेल तर एंटर दाबा.

आबासाहेब माझ्या मागेच उभे होते. त्यांनी ओळ वाचली आणि माझा हात धरला.

“थांबा! हेच. हे साहेब दाबतील.”

“आबासाहेब, हे मधलंच आहे. असं बरंच येईल अजून. शेवटचं एक बटण मी त्यांच्यासाठी राखून ठेवतो.”

“एंटर म्हंजी परवेश. परवेश शेवटी करतेत का? परवेश पहिल्यांदा करतेत.” आणि त्यांनी मॉनिटरला लाल फीत बांधली. वर झेंडूचा हार. कीबोर्डपुढे चांदीच्या ताटात कात्री.

तुम्हाला म्हणून सांगतो, ऑपरेशनच्या टेबलावर पेशंटचं पोट उघडून ठेवलंय आणि डॉक्टर म्हणतायत की टाके आमदारांच्या हस्ते, तशी ती अवस्था. जुनी सिस्टीम गेलेली, नवी आलेली नाही. त्या डब्याला त्या घडीला स्वतःचं नावसुद्धा सांगता आलं नसतं.

साहेब दुपारी येणार होते. दुपार झाली, उतरली. संस्थेचा सचिव साहेबांना आणायला बीडला गेलेला, कपाटाच्या किल्ल्या त्याच्या खिशात. त्याचा फोन आला की साहेब निघाले. सगळे उठून उभे राहिले. मग परत फोन आला, साहेब निघाले आहेत पण उलट्या दिशेने, लिंबागणेशला दर्शनाला. सगळे बसले. मांडवात बाळू मंडपवाला खांबांना झालरी लावत होता. चिंचेच्या झाडावर त्याने कर्णा बांधला होता, अख्ख्या गावाला भाषण ऐकू जाईल असा.

आणि दूध यायला लागलं. उन्हाळ्यातली संध्याकाळ, वारा भट्टीतून आल्यासारखा. लोक आपापल्या बरण्या ओल्या फडक्यात गुंडाळून रांगेत लावायला लागले. दूध असं आहे बरं का, त्याला उद्घाटन कळत नाही. ते आपलं आंबायच्या तयारीत असतं.

मी आबासाहेबांना बाजूला घेतलं. “आता दाबतो. साहेब आले की परत दाबू द्या. मशीन काही कुणाला सांगत नाही की आधी एकदा दाबलंय.”

त्यांनी रस्त्याकडे बघितलं. बरण्यांकडे बघितलं. फीत न सोडता तिच्याखालून बोट घालून दाबायची, या अटीवर परवानगी मिळाली. मी दाबलं. सीडी फिरायला लागली. पडद्यावर पट्टी सरकायला लागली. मी अब्बांनी शिकवलेली दुआ मनात म्हणायला सुरुवात केली. ती रेडिओसाठी होती, पण म्हटलं चालेल बहुतेक.

पट्टी अर्ध्याच्या पुढे गेली, आणि एकाएकी पडदा काळा झाला. त्याच क्षणी चिंचेच्या झाडावरून आवाज आला, “हॅलो, हॅलो. माइक टेस्टिंग. हॅलो.”

बाळूला माइकसाठी प्लग पाहिजे होता. इन्व्हर्टरला एकच जागा होती. त्याने माझी पिन काढून आपली घातली होती.

मी त्याला जे बोललो ते या अंकात छापण्यासारखं नाही. त्याचा माइक चालू होता, त्यामुळे ते अख्ख्या गावाने ऐकलं, आणि पुढची कित्येक वर्षं मला त्यातलं एकेक वाक्य लोक प्रेमाने ऐकवायचे.

पिन परत घातली. मशीन उठलं आणि म्हणालं, सिस्टीम सापडत नाही. नवा तहसीलदार अर्ध्या रस्त्यात, जुना सामानासकट गेलेला, आणि कचेरीत फक्त खुर्च्या. यावर इलाज आहे. सगळं पहिल्यापासून टाकायचं, किंवा जुनंच परत बसवायचं. मी दुसऱ्या दिवशी तेच केलं, जुनं बसवलं आणि पंधरवडाभर कुणाला हात लावू दिला नाही. पण त्याला वेळ लागतो. आणि वेळ दुधाकडे नव्हता.

बाहेरची माणसं म्हणतील, कॉम्प्युटर बंद पडला तर पडला, दूध मोठ्या कॅनमध्ये ओता आणि पाठवा. हीच तर गंमत आहे. फॅटचं यंत्र त्या कॉम्प्युटरवर चालायचं. प्रत्येकाच्या दुधाची फॅट बघूनच त्याचं दूध सगळ्यांच्या दुधात ओतायचं. यंत्र आलं तेच मुळी गावाचा एकमेकांवर काडीचा विश्वास नव्हता म्हणून. यंत्राशिवाय आपलं घट्ट दूध दुसऱ्याच्या पातळ दुधात ओतायला कुणी तयार होईना. जुन्या पद्धतीची काचेची नळकांडी होती, पण ती कपाटात, आणि किल्ली लिंबागणेशला दर्शन घेत होती.

रांगेत बडबड सुरू झाली. “पहिलं तुमी वता.” “मी कावून? तुमी वता की.” “तुजं दूध आन् माजं दूध एका कॅनात? येडा समजलास का बे?” त्या वर्षी खरं म्हणजे पाणीच दुधापेक्षा महाग होतं. पाण्यात दूध मिसळून विकावं अशी वेळ. तरी लोक दुधात पाणी घालायचेच. नफ्यासाठी नाही, हाताची सवय.

एवढ्यात हॉर्न वाजला. गाडी आली. दौलत ड्रायव्हर खाली उतरला, फीत बांधलेला काळा पडदा बघितला, रिकामे कॅन बघितले.

“काय हो आबासाहेब, दूध कुठंय?”

“हाय की. बरण्यात हाय.”

“मला बरण्या न्हाई नेता येत. कॅन भरा. मला पुढं अजून दोन गावं हायत. इंजिन बंद करत न्हाई मी. रिकामा गेलो तर काय हुईल तुमाला ठावं हाय.” आणि तो बोनेटला टेकून तंबाखू मळायला लागला.

कुणी हलेना. दौलतने तंबाखू मळून तोंडात टाकली, हात झटकले. आणि रांगेच्या मधूनच सरूआक्काचा आवाज फुटला.

“मशीन मेलं म्हून जिभा बी मेल्या का तुमच्या? आं? आजे-पंजे काय मशीन लावून दूध पीत व्हते?” तिने आपली बरणी उचलली आणि टेबलावर आदळली, चांदीच्या ताटाशेजारी. “ह्ये माजं. घ्या नखावर. घ्या जिभेवर. पातळ निघालं तर म्हशी उद्याच बाजारात.”

एका म्हाताऱ्याने अंगठ्याच्या नखावर थेंब घेतला. घट्ट दुधाचा थेंब नखावर बसून राहतो, पाण्याचा ओघळतो. हा थेंब असा बसला की मला वाटलं, म्हाताऱ्याला आता नख कापावं लागतंय.

“घट्ट!” म्हातारा ओरडला.

मी मेलेल्या मशीनची पिन काढून कर्ण्याची परत घातली आणि बाळूच्या हातात माइक दिला. “तूच बंद पाडलंस ना? आता तूच बोल.” आणि चिंचेच्या झाडावरून गावभर घोषणा गेली, “सरूआक्का... घट्ट!” आक्काने बरणी कॅनमध्ये रिकामी केली. आज प्रत्येकाची प्रतवारी तीन शब्दांत, घट्ट, मध्यम, पातळ, आणि तशीच हिशेबात लावायची, असं तिथल्या तिथे ठरलं. त्याला सभा लागली नाही आणि जेवणही.

मग काय, तमाशाच लागला. प्रत्येक बरणी टेबलावर, चार जणांची नखं, आक्काची जीभ, आणि वर कर्णा. आक्का नुसती चव घेऊन सांगायची, ही म्हैस उसाच्या वाढ्यावर आहे, हिला सरकी मिळतेय, हिला काल उपाशी ठेवलीय. एका दुधाचा घोट घेऊन तर ती म्हणाली, “ह्यातलं पाणी टँकरचं हाय, आन् ते बी परवाच्या.” कर्ण्यावरून जाहीर झालं, “पातळ!” तो माणूस म्हणाला, “हळू बोल की बे, बायको घरी हाय.” त्यावर घरातूनच त्याच्या बायकोचा आवाज आला, “म्या सांगितलं व्हतं जास्ती घालू नका!”

माणसं हसत होती, शिव्या देत होती आणि ओतत होती. एक कॅन भरला. दुसरा भरत आला. आणि मग आबासाहेबांच्या गड्याने त्यांच्या घरची बरणी टेबलावर ठेवली.

म्हातारा नख पुढे करेना. आक्काने आपल्या नखावर थेंब घेतला. तो थेंब नखावर आला, मनगटावर गेला, आणि मी शपथेवर सांगतो, कोपरापर्यंत जाऊन मग खाली पडला.

बाळूने माइक तोंडापासून लांब धरला. रांगेत अजून बरण्या होत्या. सगळे आबासाहेबांकडे बघत होते. चेअरमनला एक न्याय आणि आपल्याला दुसरा, असं झालं असतं तर उरलेल्यांनी बरण्या उचलल्या असत्या आणि ओतलेल्यांनी कॅन उलटे करायला लावले असते. दौलत गाडीत चढून बसला होता.

“तुज्या नखाला काय कळतंय, आक्का?” आबासाहेब म्हणाले.

नेमकं त्याच वेळी धूळ उडवत दोन जीपगाड्या आल्या. साहेब! सचिव पुढच्या गाडीतून उडी मारून उतरला. किल्ल्या आल्या, पण नळकांडी लावत बसायला आता वेळ नव्हता. साहेबांनी लांबलचक रांग बघितली, टेबल बघितलं, हार बघितला, आणि त्यांना वाटलं हे सगळं आपल्या स्वागतासाठी. ते हात जोडत, हसत, रांग ओलांडून थेट टेबलापाशी आले. आक्काने त्यांना आयुष्यात बघितलं नव्हतं.

“बरणी कुठंय तुमची?” ती म्हणाली. “आन् मधी कावून घुसायले? मागं लागा.”

सचिवाचा चेहरा पिठासारखा झाला. पण साहेब मुरलेले, ते हसले. आबासाहेबांच्या मात्र डोळ्यात चमक आली. त्यांनी आपल्या बरणीतून पेला भरला आणि दोन्ही हातांनी पुढे केला. “साहेब, उनातून आलात. आधी हे घ्या. आन् तुमीच सांगा गावाला, कसं हाय.”

साहेब घामाने भिजले होते. त्यांनी पेल्यात बघितलंही नाही, एका दमात घशाखाली घातला, ओठ पुसले, आणि आशीर्वाद दिल्यासारखे म्हणाले, “वा! पाणी जरासं गढूळ हाय, पर गोड हाय. टँकर कुठून भरता?”

बाळूचा माइक चालू होता.

चिंचेच्या झाडावरून ते वाक्य गावभर गेलं. वेशीपर्यंत गेलं. माजलगावलाही ऐकू आलं असं माझे मित्र सांगतात. आधी एक जण हसला, मग दहा, मग सगळं गावच. साहेबही हसले, त्यांना कळलं नव्हतं तरी. आबासाहेब तेवढे हसले नाहीत. त्यांनी कडक सदऱ्याच्या बाहीने कपाळ पुसलं, गाडीत बसलेल्या दौलतकडे एकदा बघितलं, आणि बाळूच्या हातातला माइक घेतला.

“चेअरमन,” ते म्हणाले, “पातळ.” आणि मग माइकवरच गड्याला म्हणाले, “पानी कावून घातलंस रे?”

गडी म्हणाला, “मालक, तुमीच तर म्हनला, पाव्हने येनारेत, दूध जरा जास्ती दिसू दे.”

यापुढे रांग अडली नाही. चेअरमनच पातळ निघाल्यावर बाकीच्यांना कसली लाज? एकजण तर टेबलापाशी यायच्या आधीच ओरडला, “माजं बी पातळ हाय, लिवा आन् वता!” इकडे बरण्या रिकाम्या होत होत्या आणि तिकडे साहेबांच्या हातात कात्री देण्यात आली. त्यांनी काळ्या पडद्यावरची लाल फीत कापली, एंटर दाबलं, आणि काहीच झालं नाही. साहेबांनी मान डोलावली. एवढी वर्षं अध्यक्ष असलेल्या माणसाला काहीच न होण्याची सवय असते. टाळ्या पडल्या. साहेब बोलायला उभे राहिले, या यंत्रामुळे गावात पारदर्शक कारभार येईल वगैरे, आणि गर्दीने त्यांच्याकडे पाठ करून कॅन गाडीकडे न्यायला सुरुवात केली. गाव इतकं पारदर्शक यापूर्वी कधीच नव्हतं.

आता माझा धंदा संपल्यात जमा आहे. सिस्टीमा रात्री लोक झोपल्यावर आपोआप बदलतात. बिघडल्या तर लोक फोन झटकतात, बंद-चालू करतात, नवा घेतात. मला बोलावून चहा देत नाहीत. काय चुकलं ते समजावून सांगायला समोर माणूस लागतो, तो आता मिळत नाही. या एका गोष्टीचं वाईट वाटतं. मिक्सर अजून येतात, अल्ला त्यांचं भलं करो.

पण त्या संध्याकाळी गाडीच्या मागे उभा होतो, तिथे परत येतो. दौलतने पहिला कॅन उचलायला हात घातला आणि थांबला. रोज त्याला कॉम्प्युटरमधून छापलेली पावती मिळायची. अमुक दूध, अमुक फॅट. ती घेतल्याशिवाय तो कॅनला हात लावत नसे.

“पावती?” तो म्हणाला.

सचिव माझ्याकडे बघायला लागला. मी आबासाहेबांकडे. आबासाहेब जमिनीकडे. साहेबांचं भाषण आता सहकाराच्या पवित्र मंदिरापर्यंत आलं होतं.

सरूआक्का पुढे झाली आणि तिने कॅनचं झाकण काढलं. “वास घे.”

“आक्का, मला केंद्रात दाखवावं लागतंय. वासाचा कागद न्हाई निघत.”

“घे म्हनलं ना. मग बोल.”

दौलत वाकला. बराच वेळ त्याने डोकं वर काढलं नाही. कधी कधी मला वाटतं, त्याने एक घोटही घेतला असावा, मिशीला काहीतरी लागलं होतं. मग त्याने स्वतःच्या हाताने झाकण दाबून बसवलं, कॅन उचलला, गाडीत सरकवला, मग दुसरा, मग तिसरा. फळी लावली, साखळी अडकवली. स्टिअरिंगवर जाऊन बसला. आक्का खिडकीखाली उभीच होती.

“सकाळी टायमावर बरण्या लावून ठिवा,” तो म्हणाला. “मी कुनासाठी थांबत नसतो.”

“तुला थांब कोन म्हनलं, मुडद्या!” आक्का ओरडली आणि पदर खोचून निघाली. तिला संध्याकाळचं वैरण-पाणी करायचं होतं.